चंद्र-सूर्य काढणारा मेडिकलवाला

"परवाना आमाले, तपासणी आमाले, आन् मोबाईलवर गोळ्या इकणाऱ्याले मोकळं रान! वरच्या साहेबायनं डोळे गहाण टाकले काय?"

सोनाळ्याच्या बसमध्ये दयाराम मेडिकलवाला पेटला होता. शेजारी बसलेल्या बनाबाईच्या पिशवीतलं कुरिअरचं खोकं त्याला सवतीसारखं खुपत होतं.

"सुनेनं मागवल्या, भाऊ. सस्त्या पडतात."

"पडू दे. लेकरं लहान होती तवापासून माह्याकडून नेत होतीस, मावशी."

"चिडता काऊन? हे घ्या, पाकिटावर सकाळचा सूर्य आन् रातचा चांद काढून द्या. मले कुठं वाचता येते?"

राग गेला नव्हता, तरी त्याचा हात खिशातल्या पेनाकडे गेलाच.

"मोबाईलवाल्यानं चांद-सूर्य नाही काढून धाडले?"

"त्याले काय माहीत, मले वाचता येत नाही ते?"

"मंग ज्याले तू माहीत नाही, मावशी, त्याच्याकडून गोळ्या काऊन घेतल्या? सांग!"