मावशींकडे जाणारा रस्ता

...रस्ता म्हणे! त्याला रस्ता म्हणणारा माणूस मला एकदा भेटू दे. तुम्हाला सांगतो, निझवा शहर सुटलं, डांबर संपलं, मग पुराच्या कोरड्या पात्रातल्या गोट्यांवरून गाडी अशी निघाली की डोकं सारखं छताला, आणि मग जी डोंगराला चिकटली... एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काही नाही. काहीच नाही हो! मी काय करणार? स्टिअरिंग धरून बसलो.

बरं, जायचं कशाला, तर सासूबाईंना हवा खायची. सकाळी मांडीवर हलव्याचा डबा घेऊन गाडीत येऊनच बसल्या. वरच्या गावची पायवाट जिथून सुरू होते, तिथपर्यंत चल म्हणाल्या. आता त्या गावात त्यांची धाकटी बहीण, राया मावशी. आई गेल्यावर डाळिंबाच्या बागेवरून दोघींचं जे वाजलं, ते माझ्या लग्नाच्या आधीपासून बोलणं बंद! आणि परवाच निरोप आला होता, मावशी पडल्या, गुडघा कामातून गेला. म्हणून मी हळूच विचारलं, मावशींकडे का?

"तिच्याकडे कशाला? हवा खायचीय मला."

हवा! आणि धूळ येते म्हणून काच खाली करू देईनात. मी काय करणार?

त्यात वाट त्या सांगणार. त्यांनी ती शेवटची पाहिली गाढवावरून. इथून वळ म्हणायच्या, तिथून गाढव वळत असेल हो, माझी गाडी कशी वळणार? एक चाक दगडावर, एक हवेत, मी मनातल्या मनात कलमा पढतोय, आणि ह्या म्हणतात, तुझ्या सासऱ्यांना भीती वाटायची नाही.

आणि वळणावर समोरून पिकअप! मागे बकऱ्या. रस्ता एका गाडीपुरता, तोही उपकार केल्यासारखा. चालवणारा हमूद, वरच्या गावचाच. त्याने तिथूनच सलाम केला, घरचे कसे, शेजारी कसे, पाऊस झाला का... कड्यावर हो! न विचारून चालतं का आमच्या ओमानात? मीही काच खाली करून सांगत बसलो, पाय ब्रेकवर. मग म्हणालो, हमूदभाई, जरा मागे घेता का? तर म्हणतो, रिव्हर्स पडत नाही, गेल्या ईदपासून.

एवढ्यात त्याच्या शेजारची बाई वाकून बघायला लागली. राया मावशी!

सासूबाईंनी मान फिरवली. मावशींनी मान फिरवली. बकऱ्या तेवढ्या आमच्याकडे बघतायत. शेवटी सासूबाई पुढच्या काचेकडे बघत म्हणाल्या, "नुभान, विचार तिला, कुठे निघाली."

"सांग तिला, दवाखान्यात," पलीकडून उत्तर. माझी गरजच नव्हती हो, दोघींना चांगलं ऐकू येत होतं!

"दवाखान्यात मांडीवर डाळिंबं घेऊन जातात का, विचार."

यावर मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "आईच्या झाडाची आहेत. दवाखान्यातून तुझ्याकडेच येणार होते, जुवैना."

सासूबाईंनी दार उघडलं. दरीच्या बाजूचं! मी ओरडलो, त्यांनी ऐकलंसुद्धा नाही, गाडीला धरत धरत गेल्या आणि खिडकीतूनच बहिणीचा गुडघा दाबून बघायला लागल्या, दुखतं का, इथे दुखतं का... आणि हलव्याचा डबा तिच्या हातात. दोघी रडतायत, हमूद रडतोय. मीही रडलो असतो, पण ब्रेक कोण धरणार?

पुढे काय, सासूबाई पिकअपमध्ये बसल्या, आणि रिव्हर्स फक्त माझाच पडत होता, त्यामुळे रुंद जागा येईपर्यंत तो अख्खा डोंगर मी पाठमोरा उतरलो. आता मावशी आमच्याकडेच आहेत. गुडघा बरा झाला, देवाची कृपा. बागेवरून भांडण पुन्हा सुरू झालंय, पण आता एका ताटात जेवताना. आणि काल दोघींचं ठरलं, बाग कुणाची ते वर जाऊन, झाडं बघूनच मिटवायचं. कुणाच्या गाडीने, ते मला कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. टायर तेवढे बदलून आणले.