इलिशशिवाय विलायत

चहा गार होऊ देऊ नका, आणि मी विलायतेला वशिल्याने गेले असं पुन्हा म्हणू नका!

कलकत्त्यातल्या एकाच शिक्षिकेला वर्षभर तिकडे शिकायला पाठवणार होते, आणि मला जायचंच होतं. कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. इंग्रजी घरीच, माझी मी शिकले. मुलाखतीला समोर तीन बंगाली बाबू. त्यांच्या सगळ्या प्रश्नांना मी पुरून उरले. मग अध्यक्षांनी, तिकडे शिक्षिकेला म्हणतात तसं, विचारलं, "दिदिमणी, मासे खाता ना?"

"नाही. आम्ही मराठी ब्राह्मण."

तिघांचेही चेहरे पडले. त्यांच्याकडे ब्राह्मणसुद्धा मासे खातात.

"मग तिथे जगणार कशा?" अध्यक्ष म्हणाले. "अर्ध्यात परत याल, जागा फुकट जाईल. मी स्वतः लंडनला होतो. इलिश मासा मिळेना, अगदी रडकुंडीला आलो!"

दुसरे हळहळले, "पावसाळ्यातसुद्धा नाही?"

"नाही हो!"

माझी निवड त्या माशापायी बुडणार, हे मला दिसलं. मी ताडकन म्हटलं, "साहेब, लग्न होऊन आल्यापासून मी इलिशशिवाय कलकत्त्यात राहतेय. लंडनचं काय कौतुक सांगता?"

मग इतका वेळ गप्प बसलेले तिसरे बाबू म्हणाले, "यांनाच पाठवा. या कुठेही जगतील."