पिवळ्या रेघेपलीकडचा अर्धा खड्डा

ताई : ...म्हणजे मुद्दाम अर्धाच बुजवलास?

मुकादम : रेघेपर्यंत बुजवला. ती पिवळी रेघ बघ. अलीकडे राज्याचा रस्ता, म्हणजे आमच्या खात्याचा. पलीकडे पूल. तिथून राष्ट्रीय मार्ग लागतो, म्हणून केंद्राचा.

ताई : आणि खड्डा?

मुकादम : दोघांचा.

ताई : तरीच. दोन घरचा पाहुणा उपाशी. अरे, अख्खा खड्डा होता तेव्हा माझी शाळेची बस हळूच उतरायची, हळूच चढायची. तू तर पायरी करून ठेवलीस. सकाळी चाक आपटलं, पुढच्या बाकावरच्या मुलीचा ओठ फुटला.

मुकादम : काम नीट केलं होतं गं काल. कड अगदी सरळ—

ताई : सरळ आहे, तेच नडलं. साडेबाराला शाळा सुटेल. तीस पोरं घेऊन मला इथूनच जायचंय. त्यात तुझी धाकटीही आहे. ट्रकमध्ये डांबर आहे ना अजून?

मुकादम : आहे. अर्ध्या तासात दगड होईल. थांब, लागला फोन. साहेब, पुलाजवळून बोलतोय, राज्याचा मुकादम.

केंद्राचे साहेब (फोनवर) : अर्ज पाठवा.

मुकादम : चार पाट्यांचं काम आहे हो. माल आमचा, माणसं आमची.

साहेब : तेच नको. उद्या पुलाचा सांधा बिघडला तर जाब कोणाला विचारतील? मला. तुमच्या रस्त्यात मी कधी हात घातलाय?

मुकादम : नाही.

साहेब : मग? तीन आठवडे धरा. तोवर पलीकडे फावडं लावू नका. तुमच्या आधीच्या मुकादमाने लावलं होतं. तो अजून निलंबित आहे, आणि तुमच्याच खात्याने केलाय.

ताई : ठेवला?

मुकादम : ठेवला. त्यांचंही चूक नाही. पूल आपल्या राज्याकडे असता तर अजून पायाच खणत बसलो असतो. आणि आपल्या रस्त्याला त्यांची परवानगी लागत नाही, म्हणून तर काल लगेच काम झालं.

ताई : अर्धं.

मुकादम : हो. अर्धं.

ताई : फावडं तू लावायचं नाहीस. बरोबर?

मुकादम : राज्याच्या कुठल्याच माणसाने नाही.

ताई : आणि बस चालवणारीने?

मुकादम : ताई, नको.

ताई : मी कोणाच्या यादीत आहे, सांग ना. राज्याच्या की केंद्राच्या?

मुकादम : दोघांच्या. कर दोघंही घेतात.

ताई : मग थोडा पूल माझाही झाला. दे ते फावडं.

मुकादम : मला देता येणार नाही. ट्रकला टेकवून ठेवलंय.

(तो पुलाकडे पाठ करून उभा राहतो.)

ताई : जड आहे रे हे.

मुकादम : मी बघत नाहीये. पायात बूट आहेत ना?

ताई : आहेत. एक पाटी टाकली. आता?

मुकादम : मध्ये लोखंडी पट्टी लागेल, तोच पुलाचा सांधा. तिच्यावर माल जाऊ देऊ नको. तेवढं साहेबांचं खरं आहे. कडेपासून ठोकत ये.

ताई : असं?

मुकादम : मला काय विचारतेस. किती वाजले?

ताई : बाराला पाच कमी.

मुकादम : ...आवाज पोकळ येतोय. अजून एक पाटी टाक.