विचारायचं नाही

योकोहामा स्टेशनबाहेर बसच्या रांगेत चारुता कश्मिराचं उत्तर वाचत होती. ‘काही नको गं, थँक्स.’ कश्मिराचे वडील पुण्यात वारले आणि तिला विमानाचं तिकीट मिळालं नाही, तेव्हा चारुताने लिहिलं होतं, काही लागलं तर सांग.

पुढे साठीचं एक जोडपं मराठीत बोलत होतं. बाईंच्या हातात डबा होता.

“रिव्का, सॅमसनला निदान फोन तरी करायचा, येऊ का म्हणून.”

“विचारलं की तो नको म्हणणार. तुमचे बाबा गेले तेव्हा तुम्हीही नकोच म्हणाला होतात ना?”

“इथे आपली ज्यूंची तीनच घरं. संध्याकाळी तिसऱ्या घरचे आपटेकर कामावरून सुटले की सगळे मिळून गेलो असतो.”

“तिकडे ठाण्यात त्याच्या आईला माती दिलीसुद्धा. आता आपल्या रीतीने त्याचा पहिला घास दुसऱ्याच्या घरचा लागतो. आपण संध्याकाळ केली, तर तो तोवर उपाशी बसेल.”

“दुखवट्याची अंडी कधी उकडलीस?”

“तुम्ही फोनवर बातमी ऐकत होता तेव्हाच गॅसवर ठेवली. मसूरही आहे, चपात्या आहेत.”

“मला तिथे बोलायला काही सुचायचं नाही.”

“बोलायचं नसतंच. तो बोलेपर्यंत गप्प बसायचं.”

“आणि तो बोललाच नाही तर?”

“अंडं सोलून त्याच्या हातात द्या.”

बस आली. दोघं चढले.

चारुता रांगेतून बाहेर पडली. कश्मिराच्या घराकडची बस समोरच्या थांब्यावरून सुटायची.