चोवीस तासांची गाडी

आमच्या सावंतसाहेबांच्या गाडीचं सांगितलं का तुम्हाला? काशीमीऱ्याच्या त्यांच्या गॅरेजमध्ये मी मॅनेजर आहे. परदेशात चोवीस तासांच्या शर्यतींत धावलेली एक जुनी गाडी त्यांनी हौसेने आणलीय. परवा इंद्रलोक वस्तीजवळच्या मैदानात ती प्रदर्शनात ठेवायची होती. टेम्पोवर चढवून नेली, तर मैदानाच्या अलीकडच्या कोपऱ्यावरच साहेब म्हणाले, "इथे उतरवा. पुढे मी चालवत नेतो. लोकांना कळू दे काय चीज आहे."

पहिल्याच स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट टेकलं. आम्ही उचलून सोडवली, तर इंजिन बंद. सगळे मोबाइल काढून शूटिंग करतायत. शेवटी एका रिक्षावाल्याने मागून पाय लावला आणि रिक्षाच्या जोरावर गाडी ढकलत थेट मंडपात आणली.

साहेब उतरल्यावर त्याने विचारलं, "सेठ, कितनी रेस जीती है इसने?"

साहेब म्हणाले, "एक भी नहीं. कभी गिअरबॉक्स गया, कभी आग लगी. हर बार बीच में ही बंद पडी."

मला वाटलं, आता साहेबांचा चेहरा पडणार. पण त्यांनी स्वतःच्या गळ्यातला स्वागताचा हार काढून रिक्षावाल्याला घातला आणि मला म्हणाले, "फोटो काढ. आज पहिल्यांदा शेवटपर्यंत पोचली."