तळं आमचं, गर्दी शरणप्पाची

माझा जन्म या तळ्याच्या बांधावरचाच म्हणा की. आजा तळ्याचं दार उघडून शेतांना पाणी सोडायचा, त्याच्यामागं बाप, बापामागं मी, म्हणून गावात कुणीबी पाव्हणा आला की तळं दाखवायला धोंडूअण्णालाच बलवायचे, आन् मीबी मग निजामाच्या काळात दगड कुठल्या खाणीतनं आले हितपासनं सुरू करायचो, हिवाळ्यात पांढरी पाखरं कुठं उतरतेत, कमळं कुठल्या अंगाला फुलतेत, सगळं. पाव्हणा जांभया द्यायचा, पण ऐकायचा.

मग शरणप्पा आला. आला म्हणजे काय, हितलाच, माझ्याच बाकावर शिकलेला, पण त्यानं कुठनं तरी पायानं चालवायची बदकाची नाव आणली आन् काठावर मिरची-भज्याची कढई मांडली. झालं. कडगंचीच्या विद्यापीठातली पोरंपोरी येयलेत, बदकात बसायलेत, भजी खायलेत, आन् मी बांधावर हुबा. एका पोरीला म्हटलो, बाळ, हा बांध कुणी बांधला ठावं हाय का? ती म्हटली, मामा, जरा बाजूला व्हा, फोटोत येयलाव.

काय सांगू तुम्हाला, पोटात आग पडली. खोटं कामून बोलू, त्याचं बदक बुडावं असं रोज वाटायचं. बदक काय बुडंना, मग मी डोकं चालवलो. आमचं डोकं म्हणजे काय, तुम्ही बगालच. न्हाव्याच्या दुकानात जाऊन सांगितलो, तळ्यात मगर हाय. अफजलपूरकडं भीमेत दिसते की न्हाई, तिथनंच आली आसंल. पायऱ्यांपाशी ऊन खायली होती, बैलगाडीएवढी, ह्या डोळ्यांनी बगितलो.

मला वाटलं, आता कोण बसतंय बदकात. आइतवारी बांधावर जातो तर काय, जीपा, टेम्पो, लेकरंबाळं, म्हाताऱ्या, सगळे मगर बगायला आलते, बदकासाठी रांग लागलीती, आन् शरणप्पानं दुसरी कढई चढवलीती. भ्याली ती एकटी आमची मंडळी. म्हटली, मी न्हाई जायची घाटावर, तुमची वळख हाय ना मगरीशी, तुम्हीच धुवा वाकळा. तवापासनं घरच्या वाकळा मी धुतोय, आन् खरं सांगू का, पाण्यात हात घालताना मलाबी आता भ्या वाटतंय.

एक दिवस शरणप्पा खुर्ची घेऊन घरी आला. म्हटला, अण्णा, लोक इचारायलेत मगर कुणी बगितली म्हणून, तुमच्याबिगर कोण हाय, बसा की रोज बांधावर. मी म्हटलो, शरण्या, मला काय काम न्हाई व्हय? तो हळूच म्हटला, अण्णा, पायऱ्यांपाशी ते बाभळीचं खोड पडलंय, ते मीबी बगितलो. आन् हसला. न्हाई म्हणायला तोंड कुठं राहिलं?

आता रोज चार वाजता मी खुर्चीत आसतो. लोक येतेत, मामा मगर सांगा म्हणतेत. मी म्हणतो सांगतो की, पण आधी हा बांध. दोन मिस्त्री दोन टोकांनी बांधत आले, एक बसवण्णाचा, एक पिराचा, मधी भेटले तवा दोघांनी तिथंच आपापला देव बसवला, म्हणून देऊळ आन् दर्गा शेजारीशेजारी. मग आजा, मग बाप, मग पाखरं. मामा, मगर? आली आली, म्हणतो. मगरीपायी बसतेत, पण बसतेत. त्यांना वाटतंय म्हातारा लांबण लावायलाय, पण तेवढं ऐकून जातेत.

शरणप्पा बशीत गरम भजी आणून देतो. चव हाय त्याच्या हाताला, हीच तर आग हाय. बसवण्णा त्याचं भलं करो. लई करो. फक्त माझ्यापरीस थोडं कमी करो, बास.