दोनशे शहाण्णव किलोमीटर

(येडशीच्या चौकातलं गॅरेज. सकाळचे दहा. गाडीचं मागचं दार उघडं, शेजारी बाजेवर तुळजाबाई आडव्या झालेल्या. मेकॅनिक बालाजीच्या हातात गाडीला जोडलेलं तपासणीचं मशीन.)

राजेश्वरी : आणि हा खालचा आकडा? दोनशे शहाण्णव. हा कशाचा?

बालाजी : ते सोडा ओ ताई. ह्ये मशीन शंभर गोष्टी दाखवतंय. दुखणं घावलंय, ते बघा आदी. ही मागच्या सीटच्या बाजूची जाळी दिसती न्हवं? हायब्रिड गाडीत इंजिनासंगं एक मोठी बॅटरी असती, ह्या सीटखाली. ती तापली का आतला पंखा ह्या जाळीतनं हवा वढतो अन् तिला गार करतो. तुमी नेमकी जाळीवरच गोधडी हातरली. तिला श्वासच घ्यायला आला न्हाय.

तुळजाबाई : गोधडी माझी हाय बाबा. पाठीचं आपरेशन झाल्यापास्नं बसाय कुठं येतंय मला. आडवंच व्हावं लागतं.

राजेश्वरी : गाडी घरी आली त्या संध्याकाळी तुम्हीच फोनवर म्हणालात, बालाजीदादा. काकूंना मागं मऊ काहीतरी अंथरा म्हणून.

बालाजी : म्हणलो आसंन.

राजेश्वरी : जाळी तुम्हाला ठाऊक होती.

बालाजी : गॅरेजवाल्याला ठाऊक न्हाय तर कुणाला असंल?

राजेश्वरी : मग त्या दिवशी का नाही सांगितलीत?

बालाजी : इसरलो. कामाच्या गडबडीत इसरतो माणूस.

राजेश्वरी : बरं. आकडा कशाचा ते सांगा.

बालाजी : तुमी बी ताई, शाळेतल्या पोराला पाढा इच्यारल्यावानी करताय. काट्यापाशी इंजिनाचं चित्र असतंय, पिवळा दिवा. गाडीत कायतरी बिघडलं का त्यो लागतो. मशीन जोडून त्यो पुसता येतो. पुसला का गाडी नव्यानं मोजाया लागती. पुसल्यापास्नं किती पळाली, त्याचा आकडा ह्यो.

राजेश्वरी : म्हणजे दिवा आधी लागलेला होता. आणि कुणीतरी पुसला.

बालाजी : पुण्यात पुसला आसंल. तुमचा भाऊ कुलदीप तिकडं शोरूमला दाखवत व्हता.

राजेश्वरी : पुण्याहून आमचं घर अडीचशे किलोमीटर. तिथं पुसला असता तर आजचा आकडा पाचशेच्या वर गेला असता.

बालाजी : मशीन बी चुकतंय कवा कवा.

राजेश्वरी : माझं कॅलेंडर चुकत नाही. कुलदीपनं दारात किल्ली हातात दिली, तेव्हाचं रीडिंग मी त्यावर लिहून ठेवलंय. एकसष्ट हजार तीनशे चौतीस. आज काट्यावर एकसष्ट हजार सहाशे आठ. मी चालवली दोनशे चौऱ्याहत्तर. वरचे बावीस माझे नाहीत. आमच्या दारापासून बावीस किलोमीटरवर काय आहे, बालाजीदादा?

तुळजाबाई : राजे, जाऊ दे ना. गाडी नीट झाली म्हणतोय न्हवं त्यो.

राजेश्वरी : आई, तू जरा थांब. मी त्यांना विचारलंय.

बालाजी : ह्ये गॅरेज हाय.

राजेश्वरी : हे गॅरेज.

बालाजी : ताई, येडाईची शपत घिऊन सांगतो, माझ्या मनात वाईट न्हवतं. येडाईला गाडी दाखवायची म्हणून कुलदीप काकूंना येरमाळ्याला दर्शनाला घिऊन गेलता. तुमी शाळंत व्हता. येताना हितं थांबला. म्हणला, शोरूमवाले म्हणत्यात मोठी बॅटरी गेली. दिवा तेवढा घालीव, म्हैन्याभरात पुण्याहून बॅटरी धाडतो. म्हणला, दिवा बघितला तर ताई गाडी घरात घेणार न्हाय अन् आईची आबाळ हुईल.

राजेश्वरी : आणि तुम्ही पुसला.

बालाजी : दहावीला म्या तुमच्याच घरी राहून अभ्यास केला. काकूंच्या हातची भाकर खाल्लीय. कुलदीपचा शब्द मोडवंना.

राजेश्वरी : भाकर आईची खाल्लीत, आणि तिलाच त्या गाडीत घालून पाठवलंत. जाळीचं सांगितलं असतं तर मी विचारलं असतं की बॅटरीत काही बिघाड आहे का. म्हणून गप्प बसलात. विसरला वगैरे काही नाही.

बालाजी : न्हाय. इसरलो न्हवतो.

राजेश्वरी : गेल्या गुरुवारी आईच्या व्यायामाला सोलापूरच्या दवाखान्यात निघालो आणि तुळजापूर ओलांडताना दिवा लागला. मी गाडी बाजूला घेतली, कुलदीपला फोन केला. तो हसला. म्हणाला, हायब्रिड गाड्यांना असं होतंच, सेन्सरचा दिवा आहे, चालू दे. माझा भाऊ सांगतोय म्हणून मी चालू दिलं. परत येताना तामलवाडीच्या पुढं गाडीनं जीव सोडला. दुपारचे दोन, मे महिना. आई रस्त्याच्या कडेला गोधडीवर पडलेली, आणि मी पदरानं तिच्या तोंडावर सावली धरून उभी. दोन तास. शेवटी आईला कांद्याच्या पिकअपमध्ये घालून घरी आणलं, गाडी मागून ओढून तुमच्याकडं धाडली. प्रत्येक खड्ड्याला ती माझा दंड दाबत होती. तेव्हापासून तिचा डावा पाय परत बधीर आहे. डॉक्टर म्हणाले, आता एकही दिवस व्यायाम चुकवू नका, नाहीतर हा पाय पुन्हा उभा राहील का सांगता येत नाही.

बालाजी : मला पिकअपचं कळलं न्हवतं.

राजेश्वरी : कसं कळणार. आणि तुम्हाला अजून एक गोष्ट ठाऊक नाही. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्यातून दोनदा कुणीतरी घेऊन यायचं. कुलदीप म्हणाला, माझी गाडी देतो, आईचं तू बघ. मी लगेच हो म्हटलं. शाळेत पेढे वाटले हो मी. सगळ्या शिक्षकांना सांगितलं, भाऊ असावा तर असा. आता शिक्षकांच्या खोलीत पाय ठेवायची लाज वाटते मला.

बालाजी : ताई, आता सांगतोच. बॅटरी गेलेलीच न्हवती.

राजेश्वरी : म्हणजे?

बालाजी : आज जाळी खोलली. आत ह्ये बघा, बोटभर जाड थर. कुत्र्याचे केस. कुलदीपच्या घरी कुत्रं हाय न्हवं, मागच्या सीटवर बसत आसंल. पंख्याचा गळाच दाबला व्हता. वरनं गोधडीची भर पडली. ब्रश मारला, पंखा धुतला, बॅटरी तपासली. चांगली ठणठणीत हाय.

राजेश्वरी : त्या दिवशी दिवा पुसायच्या ऐवजी जाळी खोलली असती तर?

बालाजी : अर्ध्या तासाचं काम. पन कुलदीप घाईत व्हता, अन् शोरूमवाल्यानं सांगितलंय म्हणल्यावर म्या बघितलंच न्हाय.

तुळजाबाई : घाईत कसला. च्या पीत बसला हुता की निवांत. येरमाळ्यापास्नं त्यो दिवा पिवळा पिवळा दिसत हुता, हितं आल्यावर मग...

राजेश्वरी : आई.

तुळजाबाई : काय गं?

राजेश्वरी : तुला दिवा दिसत होता?

तुळजाबाई : मागं पडून माणसाला काय दिसतंय.

राजेश्वरी : आत्ता म्हणालीस तू. म्हणून आज हट्ट धरलास होय? पाय हलत नाही, तरी शेजारच्या राजशेखरच्या जीपमधून मी बी येते, मी बी येते. बालाजीदादा बोलतील आणि मला कळेल, याची भीती होती तुला.

तुळजाबाई : बालाजी, पाणी दे रं जरा.

बालाजी : घ्या काकू. सावकाश.

तुळजाबाई : समदं ऐकलं म्या. कुलदीप म्हणला, आई, राजीला बोलू नगं, ती किरकिर करती. म्या न्हाय बोलले. दोन वर्सानं आला हुता गं त्यो. येडाईच्या पायरीवर माझा हात धरून चालला. ल्हान हुता तवा धरायचा, तसा. मला वाटलं, आता कायतरी बोलले तर पुन्हा यायचा न्हाय.

राजेश्वरी : आणि मी? तामलवाडीला उन्हात दोन तास माझ्या तोंडाकडं बघत होतीस. मी देवाला दोष देत होते. तेव्हाही नाही बोललीस.

तुळजाबाई : तवा बोलून काय गाडी चालू झाली आसती?

राजेश्वरी : नसती झाली. पण मला कळलं असतं. कुलदीपचं मी समजू शकते, तो लांबचा झालाय. बालाजीदादा परके. पण तू, आई? तो जाईल म्हणून त्याला सांभाळलंस. माझं काय?

तुळजाबाई : तुझं काय. तू कुठं जाणार हायस?

बालाजी : काकू, असं नगा बोलू.

राजेश्वरी : बोलू द्या. खरं तेच बोलली ती. आज पहिल्यांदाच.

तुळजाबाई : राजे, वाईट अर्थानं न्हाय म्हणले मी.

राजेश्वरी : ठाऊक आहे. म्हणूनच लागलं. बालाजीदादा, गाडी आज सोलापूरपर्यंत जाईल? बारा वाजता तिचा नंबर आहे.

बालाजी : जाईल. माझं पोरगं बसवून धाडलं आसतं, इतका भरोसा हाय. थांबा, दिवा तेवढा पुसून देतो.

राजेश्वरी : न पुसता जात नाही का तो?

बालाजी : जातो की. दुरुस्ती खरी आसंल अन् गाडी तीनचार खेपा नीट चालली, का गाडी आपणहून घालवती त्यो. पन तवर उगं तुमच्या डोळ्याला तरास.

राजेश्वरी : मग हात लावू नका. ते मशीनही काढा.

तुळजाबाई : तवर आसाच डोळ्याम्होरं जळत ठिवायचा?

राजेश्वरी : तवर असाच.

तुळजाबाई : अन् कुलदीपचा फोन आला तर? रोज संध्याकाळी इच्यारतोय, गाडी कशी हाय म्हणून.

राजेश्वरी : तूच घे. आणि सांग, दिवा लागलाय.

तुळजाबाई : मला न्हाय जमायचं गं.

राजेश्वरी : मग नको सांगू. चल, माझ्या खांद्यावर हात टाक. डावा पाय आधी मी उचलते. सावकाश, आई. गोधडी अंथरलीय मी, जाळी सोडून.